हातातलं आणि हक्काचं: क्रिप्टोच्या किल्लीविषयी

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय वाचून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. ज्याचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तो माणूस पंचाहत्तरीत क्रिप्टोवर काय बोलणार? (हशा) शंका रास्त आहे. बिटकॉइनचा भाव उद्या चढेल की पडेल हे मला कळत नाही. तुम्ही ते घ्यावं की घेऊ नये, हेही मी सांगणार नाही. पण मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्याचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "सर, मी थोडं बिटकॉइन घेतलंय. सध्या ते एक्स्चेंजवर आहे. सगळे सांगतात की ते स्वतःच्या ताब्यात घे, नाहीतर ते तुझं नाहीच. मला कळत नाही की पैसे मी भरले, खात्यावर नाव माझं, तरी ते माझं का नाही? आणि ताब्यात घेतलं की मग नक्की माझं होतं का?"

मी ते पत्र तीनदा वाचलं. कारण 'माझं' म्हणजे काय, हा आमच्या धंद्यातला फार जुना प्रश्न आहे. आणि त्या मुलाने तो अगदी नेमक्या जागी विचारलाय.

या जगात एक घोषवाक्य चालतं. किल्ली तुझी नसेल तर नाणंही तुझं नाही. आंद्रेआस अँटोनोपोलस नावाचे या विषयातले प्रसिद्ध वक्ते आहेत, त्यांच्या व्याख्यानांतून ते घरोघरी पोचलं. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक सगळ्या मार्गदर्शिका याच वाक्याने सुरू होतात. आज मला या वाक्याची परीक्षा करायची आहे. त्यात खरं किती, अर्धवट किती, आणि ते कुठे गप्प बसतं.

आधी वस्तू समजून घेऊ. 'वॉलेट' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, आत नाणी असतील. तसं नसतं. बिटकॉइनची एक भलीमोठी खातेवही आहे. तिच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर आहेत आणि ती कुणालाही वाचता येते. अमुक पत्त्यावर अमुक रक्कम, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. नाव नाही, गाव नाही. ती रक्कम पुढे कोण पाठवू शकतो? ज्याच्याकडे त्या पत्त्याशी जुळणारी एक गुप्त संख्या आहे, तो. ही संख्या ७८ आकड्यांपर्यंत लांब असू शकते. तिलाच किल्ली म्हणतात. एवढा आकडा माणसाला नीट उतरवता येणार नाही, म्हणून २०१३ मध्ये एक पद्धत सुचवली गेली. २०४८ सोप्या शब्दांची यादी करायची आणि त्यातल्या १२ किंवा २४ शब्दांच्या क्रमातून सगळ्या किल्ल्या तयार करायच्या. फोन हरवला, यंत्र जळलं, तरी ते शब्द दुसऱ्या यंत्रात घातले की सगळं परत येतं. तुम्ही घातले तरी येतं, आणि दुसऱ्या कुणी घातले तरी येतं.

म्हणजे क्रिप्टो 'ताब्यात घेणं' याचा अर्थ एक गुपित सांभाळणं. वस्तू सांभाळणं आणि गुपित सांभाळणं यांत फार फरक आहे, मंडळी. वस्तू चोरीला गेली की तिची जागा रिकामी दिसते. गुपित चोरीला गेलं तरी ते तुमच्याकडे जसंच्या तसं असतं. कागद कपाटात आहे, शब्द बाराच्या बारा आहेत, आणि तिकडे रक्कम शून्य झालेली आहे. दुसरं म्हणजे, वस्तू परत घेता येते. माझ्या आजीच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तिने तो थोरल्या काकूच्या हातात दिला, तेव्हा कोठीवरचा तिचा अधिकार संपला आणि काकूचा सुरू झाला. अख्ख्या घराने ते पाहिलं. गुपित असं देता येत नाही. ते सांगितलं की दोघांनाही माहीत असतं, आणि सांगितलेलं परत घेता येत नाही.

आता त्या घोषवाक्याची बाजू मांडतो. टीका करायची तर समोरच्याचं बळ आधी सांगावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

माउंट गॉक्स नावाचं एक्स्चेंज टोकियोत होतं. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बुडालं. जवळपास साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. नंतर त्यातले दोन लाख सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं. ग्राहकांनी ठेवलेला पैसा मालकाने भलतीकडेच वापरला होता. त्याला पुढे पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या एक्स्चेंजमधून तेवीस कोटी डॉलरांहून जास्त किमतीची क्रिप्टो चोरीला गेली आणि तिथल्या ग्राहकांना आपली क्रिप्टो बाहेर काढणं एका वर्षाहून अधिक काळ बंद राहिलं.

पण मला सगळ्यात बोलकं वाटतं ते सेल्सियसचं प्रकरण. ही अमेरिकेतली कंपनी. आमच्याकडे क्रिप्टो ठेवा, व्याज देतो, असं तिचं म्हणणं. कंपनी बुडाली, लोक न्यायालयात गेले आणि म्हणाले, आमची नाणी आम्हाला द्या. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयाने सांगितलं की व्याजाच्या खात्यातली नाणी तुमची नाहीतच. ज्या अटींना तुम्ही 'मान्य' म्हणून बोट लावलंत, त्या अटींनी मालकी कंपनीला दिलेली आहे. तुम्ही फक्त धनको आहात, रांगेत उभे राहा.

रांगेची गोष्ट आपल्याला परकी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढायची मुभा होती. मुंबईत त्या रांगांमध्ये उभे राहिलेले लोक आजच्या श्रोत्यांतही असतील. त्यांना कुणी म्हणालं की दुसऱ्याच्या भरवशावर ठेवू नका, तर ते मान डोलावणारच. तिथे निदान ठेवींना विमा होता, आता त्याची मर्यादा पाच लाखांची आहे. क्रिप्टो एक्स्चेंजला तोही नाही.

तर घोषवाक्यातलं सत्य हे आहे. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याचा कागदावरचा हक्क लुळा असतो.

हे सत्य आपल्या परंपरेलाही ठाऊक होतं. मनुस्मृतीत दाव्यांचे अठरा विषय सांगितलेत. त्यातले पहिले तीन कोणते? ऋणादान, निक्षेप आणि अस्वामिविक्रय. म्हणजे उसनं दिलेलं, सांभाळायला ठेवलेलं आणि मालक नसताना विकलेलं. सेल्सियसचा खटला तुम्हाला यातल्या पहिल्या दोन शब्दांत सांगता येतो. लोकांना वाटलं आपण निक्षेप ठेवतोय, प्रत्यक्षात ते ऋण होतं. माझ्या पत्रलेखकाने आपल्या एक्स्चेंजला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा की बाबा रे, माझी वस्तू तू सांभाळतोयस की वापरतोयस?

आता याज्ञवल्क्याकडे येऊ. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात हा सगळा व्यवहाराचा भाग उलगडून ठेवला आहे, ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर पाहावा. याज्ञवल्क्य दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक आगम, दुसरा भोग. आगम म्हणजे वस्तू तुमच्याकडे कोणत्या हक्काने आली, खरेदीने, दानाने की वारशाने. भोग म्हणजे ती प्रत्यक्ष तुमच्या हाताखाली असणं, तुम्ही ती वापरणं. यात बलवान कोण? याज्ञवल्क्य म्हणतो, आगम. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला भोग हा अपवाद सोडला, तर नुसता ताबा हा हक्कापेक्षा दुबळा. पण लगेच पुढे तो असंही सांगतो की जिथे भोग जराही नाही, तिथे आगमालाही जोर नाही.

किती समतोल आहे पाहा. ताब्याशिवाय हक्क लुळा आणि हक्काशिवाय ताबा आंधळा. आपल्या घोषवाक्याने यातलं अर्धंच उचललंय. दुसरं अर्धं ते फेकून देतं, कारण बिटकॉइनच्या खातेवहीत आगमाला रकानाच नाही.

हे नीट लक्षात घ्या. खातेवही फक्त एकच विचारते की सही जुळते का? जुळली की रक्कम गेली. ती सही मालकाची की चोराची, खुशीने केलेली की गळ्यावर सुरी ठेवून करवलेली, हे ती विचारत नाही. विचारूच शकत नाही, तशीच ती बनवली आहे. मनूचा तिसरा विषय, अस्वामिविक्रय, मालक नसताना विकणं, हा गुन्हा त्या वहीत अस्तित्वातच नाही. ज्याने पाठवलं तोच त्या क्षणापुरता मालक.

मग ते वाक्य पूर्ण करून वाचलं तर कसं होईल? किल्ली ज्याची, नाणं त्याचं. आता त्याचा आवाज बदलला ना? मघाशी ते स्वातंत्र्याचं वाक्य वाटत होतं. आता ते 'बळी तो कान पिळी'च्या शेजारी जाऊन बसलं.

याला पुण्यातलंच उदाहरण आहे. २०१८ मध्ये एका मोठ्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात पोलिसांनी मदतीला बाहेरचे सायबर तज्ज्ञ घेतले. आरोपींच्या वॉलेटपर्यंत त्यांचे हात पोचले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोन तज्ज्ञांना अटक केली. जप्तीतली क्रिप्टो त्यांनी स्वतःकडे वळवल्याचा आरोप होता. त्या आरोपाचा निवाडा करणं माझं काम नाही. मला त्यातलं एवढंच दाखवायचंय की खातेवहीला आरोपी, तपासणारा आणि फसलेला गुंतवणूकदार हे सगळे सारखेच.

इमॅन्युएल कांटने १७९७ मध्ये नीतीच्या तत्त्वमीमांसेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मालकीची चर्चा करताना तो एक साधं सफरचंद घेतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सफरचंद माझ्या हातात आहे, एवढ्याने ते माझं ठरत नाही. ते कुणी हिसकावलं तर माझ्या हाताला इजा झाली इतकंच म्हणता येईल. ते मी खाली ठेवलं, दुसऱ्या खोलीत गेलो, आणि तरीही ते माझंच राहिलं, तर ते खरोखर माझं. आणि हे कशावर अवलंबून? माझ्या मुठीवर नाही. तुम्ही सगळे ते माझं मानता, त्यावर. मालकी ही माणूस आणि वस्तू यांच्यातली गोष्ट वाटते, पण मुळात ती माणसामाणसांतली गोष्ट आहे.

या कसोटीवर स्वतःच्या ताब्यातलं क्रिप्टो काय ठरतं? हातात धरलेलं सफरचंद. मूठ सुटली की संपलं. स्टेफान थॉमस नावाचे एक प्रोग्रामर आहेत. त्यांच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली एका कुलूपबंद पेनड्राइव्हमध्ये आहे आणि त्याचा पासवर्ड ते विसरले. दहा प्रयत्नांची मुभा, त्यातले आठ संपलेले, हे २०२१ मध्ये जगभर छापून आलं. ती नाणी थॉमस यांची आहेत याबद्दल कुणाचंही दुमत नाही. आगम शंभर टक्के. पण त्या वहीपुढे हा आगम सांगायला खिडकीच नाही.

आता शेजारी माउंट गॉक्सचे धनको ठेवा. त्यांच्या हातात किल्ली नव्हती. घोषवाक्याप्रमाणे नाणी त्यांची नव्हतीच. तरीही जपानच्या न्यायालयात त्यांची नावं होती, दावे होते. दहा वर्षं गेली, मनस्ताप झाला, आणि जुलै २०२४ पासून त्यांना उरलेल्या बिटकॉइनचा वाटा मिळू लागला. पूर्ण नाही, पण मिळाला. कशामुळे? आगमामुळे. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वझीरएक्सच्याच एका ग्राहकाच्या अर्जावर सांगितलं की क्रिप्टो हे चलन नाही, हाताला लागेल अशी वस्तूही नाही, पण ती मालमत्ता आहे, आणि दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून ती सांभाळता येते. म्हणजे किल्ली दुसऱ्याकडे असूनही नाणं तुमचं असू शकतं, हे न्यायालय म्हणतंय. घोषवाक्य कायद्याचं विधान म्हणून चूक आहे. खबरदारीची सूचना म्हणून बरोबर आहे. नवशिक्याला ही दोन्ही एकाच श्वासात ऐकवली जातात आणि तिथे घोळ होतो.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. नावं सांगणार नाही.

माझे एक सहकारी होते, भौतिकशास्त्राचे. अत्यंत हुशार आणि शिस्तीचे. निवृत्तीनंतर त्यांनी बिटकॉइन घेतलं, आणि एक्स्चेंजवर न ठेवता यंत्र आणून स्वतःच्या ताब्यात घेतलं. बारा शब्द मिळाले. त्यांनी विचार केला की एकाच कागदावर बारा शब्द लिहिणं धोक्याचं. म्हणून सहा एका कागदावर, सहा दुसऱ्या कागदावर, दोन वेगळ्या ठिकाणी. चोराला एक सापडला तरी उपयोग नाही. मला त्यांनी हे मोठ्या समाधानाने सांगितलं होतं, आणि मीही वा वा म्हणालो होतो. (हशा)

दोन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. महिन्याभराने वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या डायरीत एक कागद आहे. सहा इंग्रजी शब्द आहेत. ते तुम्हाला काही बोलले होते का?" मी गेलो. कागद पाहिला. दुसरा कागद आम्ही सगळीकडे शोधला. बँकेचा लॉकर, पुस्तकांची कपाटं, विम्याच्या फायली. निम्मी पुस्तकं तोवर वाचनालयाला देऊन झाली होती, काही रद्दीत गेली होती. यंत्र सापडलं, पण त्याचा पिन कुणाला ठाऊक नाही, आणि ठरावीक वेळा चुकला की ते स्वतःला पुसून टाकतं.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला विचारलं, तो याच क्षेत्रात आहे. तो म्हणाला, "सर, एक शब्द कमी असता तर २०४८ शक्यता, संगणकाने चुटकीसरशी काढल्या असत्या. सहा कमी आहेत म्हणजे साताच्या पुढे एकोणीस शून्यं इतक्या शक्यता. नाही होणार."

आणि खरी चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. त्या पत्त्यावरची रक्कम वहिनींना दिसते. खातेवही उघडी आहे ना. डायरीत पत्ता लिहिलेला होता, तो टाकला की आकडा समोर येतो. आपल्या लोककथांत पुरलेल्या धनावर नाग बसलेला असतो. इथे नागही नाही, पुरलेलंही नाही. काचेपलीकडे ठेवल्यासारखं स्वच्छ दिसतं, फक्त हात लागत नाही. वहिनी मला म्हणाल्या, "पैसे गेले त्याचं एवढं नाही, भाऊजी. पण मी त्यांच्या हिशोबात कुठे होते, हे कळत नाही."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचे मित्र निष्काळजी नव्हते. त्यांनी चोराचा विचार केला, बँकेचा केला, सरकारचा केला. बायकोचा विचार राहिला. आणि मंडळी, ज्या मार्गदर्शिका वाचून ते शिकले, त्यांतही तो नव्हता. यंत्र घ्या, शब्द लिहा, कुणाला दाखवू नका, झालं. 'कुणाला दाखवू नका' ही चोरासाठीची सूचना घरच्यांनाही लागू पडली.

माझी खरी तक्रार इथे आहे. या विचारसरणीचा दावा आहे की तिने विश्वासाची गरज संपवली. २००८ मधल्या मूळ बिटकॉइन-प्रबंधाचा सगळा रोख मधला विश्वासू तिसरा माणूस काढून टाकण्यावर आहे. पण नवशिक्याने किल्ली हातात घेतली की विश्वास संपतो का? तो जागा बदलतो. यंत्र बनवणाऱ्यावर विश्वास लागतो. पडद्यावर जे दिसतंय त्यावरच आपण सही करतोय, असा विश्वास लागतो. वझीरएक्सच्या चोरीत नेमकं हेच फसलं, असं कंपनीचं म्हणणं होतं. एकापेक्षा जास्त जणांच्या सह्या लागत होत्या, त्या झाल्याही, पण पडद्यावर दिसत होतं एक आणि सही होत होती दुसऱ्यावर. ही जाणत्यांची गत. शिवाय दहा वर्षांनंतरच्या स्वतःवर विश्वास लागतो, की तेव्हाही मला आठवेल, डोळे चालतील, हात कापणार नाही. माझ्या वयाच्या माणसाला हा विश्वास सगळ्यात महाग पडतो.

आता उपदेश. थोडा करतो, कारण पत्र लिहिणाऱ्याला उत्तर द्यायचं आहे.

एक, आधी फार लहान रकमेने करून बघा. हरवली तर एका जेवणाच्या बिलाइतकी हळहळ वाटेल, एवढीच रक्कम.

दोन, यंत्र बनवणाऱ्याकडूनच घ्या. डब्यात आधीच छापलेले शब्द मिळाले, तर ते दुसऱ्या कुणाला माहीत आहेत असं समजा आणि ते वापरू नका. शब्द यंत्राने तुमच्यासमोर तयार करायला हवेत.

तीन, शब्द कागदावर लिहा. फोटो काढू नका, स्वतःला मेसेज करू नका. फोनमधला फोटो कुठे कुठे जाऊन बसतो हे आपल्याला कळत नाही. आणि ते शब्द इंग्रजी अक्षरांतच लिहा. त्या ठरलेल्या याद्यांत मराठी किंवा हिंदीची यादी नाही. आपल्यातली कितीतरी माणसं सवयीने देवनागरीत लिहितील. 'राइट' असं लिहून ठेवलंत तर उजवा-बरोबर या अर्थाचा राइट की लिहिणं या अर्थाचा? दोन्ही त्या यादीत आहेत. (हशा) हसू नका, असे दोनचार शब्द झाले की वारसाला कोडी सोडवत बसावं लागेल.

चार, मोठी रक्कम टाकण्यापूर्वी यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून सगळं परत आणून दाखवा. ज्या कागदाची अशी परीक्षा झाली नाही, तो कागद आहे की नुसती समजूत, हे सांगता येत नाही.

पाच, शब्द कुणीही मागितले, कोणत्याही कारणाने, तरी द्यायचे नाहीत. खरी कंपनी ते कधीच मागत नाही. २०२० मध्ये लेजर या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची नावं आणि घरचे पत्ते फुटले, आणि पुढच्या वर्षी काहींच्या घरी खऱ्यासारखी दिसणारी बनावट यंत्रं टपालाने आली. चोर कुलूप फोडत नाही, तुम्हालाच उघडायला सांगतो.

आणि सहावं, जे मार्गदर्शिकांत शेवटी येतं किंवा येतच नाही, ते मी पहिलं ठेवीन. घरातल्या निदान एका माणसाला हे आहे, एवढं माहीत असू द्या. शब्द सांगू नका. काय आहे, साधारण कुठे आहे, आणि मी नसताना कुणाला विचारायचं, हे एका पत्रात लिहा. ते पत्र इच्छापत्रासोबत ठेवा. शब्दांचा कागद वेगळा. याज्ञवल्क्याच्या भाषेत सांगायचं तर किल्लीने भोग मिळतो, आगम तुम्हालाच तयार करून ठेवावा लागतो. खरेदीच्या पावत्या, कर भरल्याचे कागद, घरच्यांचं साक्षीदार असणं, हा तो आगम. आपल्या सरकारने २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर लावलाय. कर कुणावर लावतात? मालकावर. मग ते कागदही मालकीचा पुरावा म्हणूनच जपा.

प्रश्न घेऊ या. हां, बोला.

(श्रोता: सर, म्हणजे नवशिक्याने एक्स्चेंजवरच ठेवावं का?)

तसं नाही म्हणालो मी. दोन्हीकडे धोका आहे, पण धोक्याची जात वेगळी आहे. एक्स्चेंजवर दुसऱ्याच्या लबाडीचा किंवा गलथानपणाचा धोका, पण तिथे भांडायला जागा आहे. स्वतःकडे स्वतःच्या चुकीचा धोका, आणि भांडायला कुणीच नाही. आज घेतलं, उद्या विकायचं, रक्कम लहान, तर एक्स्चेंज चालेल. वर्षानुवर्षं ठेवायचं असेल, रक्कम वाढली असेल, आणि मघाशी सांगितलेली परीक्षा तुम्ही पास झाला असाल, तर स्वतःकडे घ्या. ज्याची परीक्षा झालेली नाही त्याला घोषवाक्य सांगून पाण्यात ढकलू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

(श्रोती: तुमच्या मित्रांनी काय करायला हवं होतं?)

शब्दांची फाळणी करायला नको होती. ती घरगुती युक्ती आहे. त्यात चोराला दोन्ही कागद लागतात हे खरं, पण घरच्यांनाही दोन्ही लागतात, आणि एक हरवला की दोघांचाही खेळ संपतो. यासाठी वेगळी सोय आहे. तीन स्वतंत्र किल्ल्या करायच्या आणि त्यातल्या कोणत्याही दोन चालतील असं ठरवायचं. एक तुमच्याकडे, एक मुलीकडे, एक लॉकरमध्ये. एक हरवली तरी चालतं, एक चोरीला गेली तरी चालतं. मात्र ती व्यवस्था कशी मांडली आहे, हा कागदही जपून ठेवावा लागतो. नवशिक्याने पहिल्या दिवशी हे करू नये, पण रक्कम वाढली तर शिकून घ्यावं. मला त्यात आवडतं ते हे की तिथे दुसऱ्या माणसाची गरज पुन्हा मान्य केलेली आहे. विश्वास हद्दपार केल्याचं नाटक नाही.

वहिनींचं काय झालं, असं एका ताईंनी चिठ्ठीवर विचारलंय. दुसरा कागद मिळालेला नाही. त्यांनी सहा शब्दांचा कागद मात्र फाडलेला नाही. वाचनालयाला दिलेल्या पुस्तकांची यादी माझ्याकडे आहे. दर शनिवारी मी जातो आणि दहा-बारा पुस्तकं चाळून येतो. अजून दोन कपाटं राहिली आहेत.

थांबतो.